आकाशांत एंजिन थांबलें तर?

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजीं गोव्याकडे जाणारें प्रवासी विमान उडालें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत मुंबईची सेवाही सुरू झाली. विमान ही वस्तु आमच्या शहरास केवळ पुस्तकांतली राहिली नाहीं, तेव्हां विद्यार्थ्यांचे प्रश्नही बदलले. पूर्वीं विमान उडतें कसें, असें विचारीत. आतां, उडत असतां त्याचें एंजिन बंद पडलें तर काय होतें, असें विचारतात. बहुधा प्रश्न विचारणाराच उत्तर देऊन टाकतो. तें असें कीं, विमान दगडासारखें खालीं येतें! हा समज इतका सार्वत्रिक आहे कीं, सुशिक्षित प्रौढ माणसेंही तो उराशीं बाळगून विमानांत बसतात आणि मुकाट्यानें भीत राहतात. ती भीति किती खरी व किती अनाठायीं, हें या लेखांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरावी. विमानास हवेंत तोलून धरण्याचें काम एंजिन करीत नाहीं. तें काम पंख करितात. एंजिन विमानास पुढें ढकलतें, त्यामुळें पंखांवरून हवा वेगानें वाहते, आणि त्या वाहत्या हवेनें वजन उचललें जातें. एंजिन थांबलें तरी विमान नाक किंचित् खालीं करून आपल्याच वजनाच्या बळावर वेग राखूं शकतें. उतारावर आलेली सायकल पायडल न मारतां चालते, तसाच हा प्रकार. मोठें प्रवासी विमान अशा स्थितींत एक किलोमीटर खालीं येईपर्यंत सुमारें पंधरा किलोमीटर पुढें जातें. म्हणजे सोलापुरावर अकरा किलोमीटर उंचीवर असलेल्या विमानाचीं दोन्ही एंजिनें एकाएकीं थांबलीं, तरी तें तुळजापूर सहज ओलांडून लातूरच्याही पलीकडे पोंचेल. पुण्यापर्यंत मात्र तें जाईल असें वाटत नाहीं! आणि हा तर सर्व एंजिनें थांबल्याचा हिशेब झाला. असा प्रसंग अत्यंत विरळा. दोनपैकीं एक थांबणें हा प्रकार त्याहून अधिक वेळां घडतो, आणि त्या प्रसंगीं राहिलेल्या एकाच एंजिनावर विमान सुरक्षितपणें उडत राहिलें पाहिजे, हा विमानबांधणीचा मूळ नियमच आहे.

आतां एंजिनाच्या पोटांत शिरूं. जेट एंजिनाच्या तोंडाशीं एक भला मोठा पंखा असतो. तो जी हवा आंत ओढतो तिचा बराच मोठा भाग एंजिनाच्या गाभ्याबाहेरून सरळ मागें फेंकला जातो, आणि आजकालच्या एंजिनांत विमानास पुढें ढकलणारा जोर मुख्यतः याच हवेचा असतो. उरलेली हवा गाभ्यांत जाते. तेथें एकामागून एक बसविलेल्या फिरत्या चकत्या तीस दाबीत नेतात. या भागास काँप्रेसर म्हणतात. दाबलेल्या हवेंत इंधन फवारून तें पेटवितात. पेटलेला वायु प्रचंड वेगानें बाहेर पडतांना टर्बाइनचीं पातीं फिरवितो, आणि तें टर्बाइन एका दांड्याच्या योगानें पुढचा पंखा व काँप्रेसर फिरवितें. म्हणजे मागची आग पुढचा श्वास चालविते, आणि पुढचा श्वास मागची आग जिवंत ठेवितो. येथील उष्णता टर्बाइनच्या पात्यांची धातु वितळेल इतकी, किंबहुना तीहूनही अधिक असते. पात्यांच्या आंतून बारीक छिद्रांवाटे थंड हवा खेळवीत ठेवलेली असते म्हणूनच तीं टिकतात. गोव्यास जाणाऱ्या पंखेवाल्या विमानांतही गाभा याच जातीचा असतो. फक्त तेथें टर्बाइन बाहेरचा पंखा फिरवितें, आणि एंजिन थांबल्यास त्या पंख्याचीं पातीं वाऱ्याच्या धारेशीं समांतर वळवून ठेवावीं लागतात, नाहीं तर तीं वाऱ्यास भिंतीसारखीं अडवितात.

या रचनेंत बिघाड नाना प्रकारचा होतो. आंतील हवेचा प्रवाह क्षणभर उलटला तर तोफेसारखा आवाज होऊन मागून ज्वाळा दिसतात; प्रवाशांचा थरकाप होतो, परंतु पुष्कळदां इंधनाचा पुरवठा किंचित् कमी करतांच एंजिन पूर्ववत् चालूं लागतें. उलट, तेलाचा दाब उतरणें ही गोष्ट प्रवाशाच्या कानींही पडत नाहीं, आणि तरी वैमानिक तीस अधिक गांभीर्यानें घेतो. मोठ्या आवाजाचा बिघाड मोठाच असतो असें नव्हे.

सर्वांत कसोटीचा क्षण धांवपट्टीवरील होय. प्रत्येक उड्डाणापूर्वीं वैमानिक एक वेग ठरवून ठेवितात. त्या वेगाच्या आंत एंजिन बिघडलें तर विमान थांबवावयाचें. तो वेग गांठला म्हणजे, कांहींही झालें तरी उडावयाचेंच, कारण पुढें उरलेल्या धांवपट्टींत तें थांबूं शकणार नाहीं. हा निर्णय त्या क्षणीं करावयाचा नसतो. तो आधींच झालेला असतो. तो वेग ओलांडतांच मुख्य वैमानिक एंजिनाच्या दांड्यांवरून आपला हात काढून घेतो, कीं मोहानेंसुद्धां तो दांडा मागें ओढला जाऊं नये. आम्हांस या लहानशा कृतीचें फार कौतुक वाटतें.

विमान वर उठलें आणि उजवें एंजिन थांबलें असें समजा. डावें एंजिन एकटेंच ढकलीत असल्यामुळें विमानाचें नाक उजवीकडे वळूं पाहतें. वैमानिक डाव्या पायानें सुकाणूं दाबून तें सरळ धरितो. चाकें पोटांत घेतलीं जातात. आणि मग, वाचकांस नवल वाटेल, निदान चारशें फूट उंची गांठेपर्यंत तो बिघडलेल्या एंजिनास हातही लावीत नाहीं. आधीं विमान उडवावें, मग तें कोठें न्यावयाचें तें पाहावें, आणि त्यानंतर इतरांशीं बोलावें, हा क्रम प्रत्येक वैमानिकाच्या अंगीं मुरविलेला असतो.

या ठिकाणीं आमच्या शहरांतील एका प्रसिद्ध चिमणीची आठवण होते. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिति प्रकल्पाची सुमारें ९० मीटर उंचीची चिमणी विमानसेवेच्या मार्गांतील अडथळा म्हणून १५ जून २०२३ रोजीं पाडण्यांत आली. तिच्यावरून झालेल्या वादांत आम्ही शिरत नाहीं. तथापि उंच चिमणीस विमानविद्या इतकी कां भिते, हें एका सोप्या गणितानें कळतें. दोन एंजिनांच्या प्रवासी विमानानें एक एंजिन बंद असतां, चाकें वर घेतल्यावर, दर शंभर मीटर अंतरामागें निदान २.४ मीटर चढलेंच पाहिजे, असा नियम आहे. या चढानें ९० मीटर उंची गांठण्यास ३,७५० मीटर अंतर लागतें. अडथळ्यांचा हिशेब करितांना तर सावधगिरी म्हणून या चढांतून आणखी ०.८ वजा करितात, उरलेल्या १.६ नें भागिलें म्हणजे अंतर होतें ५,६२५ मीटर. धांवपट्टीच्या टोकाची उंची वगैरे आम्ही सोडून दिली आहे, हा ढोबळ हिशेब आहे. परंतु दोन्ही एंजिनें चालू असतां ज्या चिमणीकडे वैमानिक ढुंकूनही पाहणार नाहीं, तीच एका एंजिनाच्या विमानास डोंगरासारखी होते, हें यावरून दिसेल. त्यांत आमच्या मे महिन्यांतील ऊन! तापलेली हवा विरळ असते. ती पंखांस कमी उचलते आणि एंजिनासही कमी बळ देते. म्हणून कडक उन्हाळ्यांत पुष्कळदां विमानाचें वजन कमी ठेवावें लागतें. प्रवासी सामान राहिलें म्हणून चिडतो. त्याला हें गणित कोणी सांगितलेलें नसतें.

उंचावर चाललेल्या विमानाचें एंजिन बिघडल्यास वैमानिकांस वेळ अधिक मिळतो. एका एंजिनाच्या बळावर पस्तीस हजार फुटांच्या विरळ हवेंत टिकतां येत नाहीं; विमान हळूहळू वीस-पंचवीस हजार फुटांवर येतें आणि तेथें स्थिरावतें. या अवधींत एकजण विमान उडवितो आणि दुसरा तपासयादी वाचतो. यादींतील क्रम एकाच्या मर्जीवर सोडलेला नसतो. बिघडलेल्या एंजिनाचा दांडा मागें घ्यावयाचा. पण त्यापूर्वीं एकानें त्यावर हात ठेवून तो कोणता तें बोलावयाचें, दुसऱ्यानें डोळ्यांनीं पाहून होकार द्यावयाचा. मगच इंधन तोडावयाचें. आगीची सूचना असेल तर एक बटण दाबतांच त्या एंजिनाकडे जाणारें इंधन, तेलदाबाची नळी, हवेचा मार्ग आणि वीज हीं सर्व तुटतात. एअरबस जातीच्या विमानांत त्यानंतर दहा सेकंद थांबून आग विझविणाऱ्या वायूचा पहिला नळकांडा सोडितात. एंजिन मंदावलें म्हणजे तो वायु आंतून लवकर वाहून जात नाहीं, हें त्या दहा सेकंदांचें कारण. तीस सेकंदांत दिवा मालवला नाहीं तर दुसरा नळकांडा. आग लागली असतां दहा सेकंद हात बांधून बसणें! शिकलेला माणूस तें करूं शकतो, आणि त्यासाठींच जमिनीवरील कृत्रिम विमानांत दर सहा महिन्यांनीं हेच प्रसंग घडवून त्याची परीक्षा घेतात. आजकालचीं एंजिनें इतकीं भरंवशाचीं आहेत कीं, अनेक वैमानिकांच्या सबंध नोकरींत खरोखरीचें एंजिन बंद करण्याचा प्रसंग येतच नाहीं. कृत्रिम विमानांत मात्र त्यांचें एंजिन वर्षांतून कित्येकदां बंद पडतें.

हें सर्व नीट पार पडलें म्हणजे गोष्ट किती शांतपणें संपते, याचें उदाहरण मुंबईचेंच आहे. १९ मे २०२२ रोजीं एअर इंडियाचें एक एअरबस विमान सकाळीं मुंबईहून बंगळूरकडे निघालें. ९ वाजून ४३ मिनिटांनीं, उड्डाणानंतर थोड्याच वेळांत, एका एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता प्रमाणाबाहेर गेल्याची सूचना वैमानिकांस मिळाली. त्यांनीं तें एंजिन बंद केलें आणि १० वाजून १० मिनिटांनीं विमान परत मुंबईच्या धांवपट्टीवर उतरविलें. सत्तावीस मिनिटांत सर्व आटोपलें, आणि प्रवासी दुसऱ्या विमानानें मार्गस्थ झाले. १६ जुलै २०२५ रोजीं दिल्लीहून गोव्यांतील मोप्याच्या विमानतळाकडे निघालेल्या इंडिगोच्या विमानाच्या एका एंजिनांत बिघाड झाला. आंत सुमारें १९० माणसें होतीं. वैमानिकानें ‘पॅन-पॅन’ असा इशारा दिला आणि विमान मुंबईस सुखरूप उतरविलें. ‘पॅन’ हा शब्द बिघाड या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशीं जुळतो. तो तीनदां उच्चारला म्हणजे आकाशवाणीच्या त्या वाटेवर इतरांनीं रस्ता द्यावा इतका अर्थ होतो. प्राणांवर बेतलें असेल तर ‘मेडे’ म्हणावयाचें. तोही शब्द ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच बोलांवरून घेतलेला. दोन शब्दांत भेद ठेवण्याची ही योजना शहाणपणाची आहे. प्रत्येक अडचणीस मरणाची हाक घातली तर खऱ्या हाकेस कोण धांवणार?

मग विमानें पडतात तीं कां? एंजिन बिघडणें आणि विमान पडणें यांच्यामध्यें बहुधा दुसरें कांहीं तरी घडलेलें असतें. इंग्लंडांत ८ जानेवारी १९८९ रोजीं लंडनहून बेलफास्टकडे जाणाऱ्या एका बोइंग विमानाच्या डाव्या एंजिनाच्या पंख्याचें पातें तुटलें. विमान हादरूं लागलें, धुराचा वास आला. वैमानिकांनीं घाईंत दोष उजव्या एंजिनाचा मानला आणि चांगलें एंजिन बंद केलें! दुर्दैव असें कीं, त्याच सुमारास डाव्या एंजिनाचाही जोर कमी केला गेल्यामुळें हादरे कमी झाले, आणि आपला निर्णय बरोबर ठरला असें त्यांस वाटलें. वैमानिकानें प्रवाशांस सांगितलें कीं, उजव्या एंजिनांत बिघाड होता, तें बंद केलें आहे. मागच्या बाजूस बसलेल्या कांहीं प्रवाशांनीं डाव्या एंजिनांतून ज्वाळा निघतांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. पण वैमानिकास अधिक कळतें असें म्हणून कोणीही बोललें नाहीं. उतरण्यास थोडेंच अंतर राहिलें असतां तें डावें एंजिन सर्वस्वीं निकामी झालें, आणि केगवर्थ गांवाजवळ मोटार-रस्त्याच्या कांठीं विमान कोसळलें. १२६ पैकीं ४७ माणसें दगावलीं. शाळेंत आम्ही मुलांस शांत बसावयास शिकवितों, तें योग्यच आहे; परंतु जें डोळ्यांनीं दिसलें तें वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याशीं जुळत नसेल तर तें नम्रपणें सांगण्यास आम्ही कितीसें शिकवितों?

दुसरें उदाहरण आमच्याच प्रांतांतील, आणि अधिक दारुण. १२ ऑक्टोबर १९७६ च्या मध्यरात्रीनंतर इंडियन एअरलाइन्सचें कॅरॅव्हेल जातीचें विमान मुंबईहून मद्रासेस निघालें. या विमानाचीं दोन्ही एंजिनें शेपटीजवळ, धडास लागून असतात. उड्डाणानंतर लगेच उजवें एंजिन फुटलें. वैमानिकांनीं विमान परत वळविलें. सांताक्रूझची धांवपट्टी समोर आली होती. परंतु तेथपर्यंत पोंचण्यापूर्वींच विमान हाताबाहेर गेलें आणि पडलें. ८९ प्रवासी व ६ कर्मचारी, ९५ पैकीं एकही वांचला नाहीं. चौकशींत काय दिसलें? काँप्रेसरच्या दहाव्या चकतीस झिजेची भेग पडली होती. चकती फुटली, तिचे तुकडे एंजिनाचें कवच भेदून बाहेर आले, त्यांनीं इंधनाच्या नळ्या तोडल्या, आणि सांडलेल्या इंधनानें पेट घेतला. या विमानाचीं सुकाणूं तेलाच्या दाबावर हालत असत. आगीनें तें तेल खाऊन टाकलें, आणि चालकाच्या हातांतील दांडा निर्जीव झाला. दुसरें एंजिन होतें, धांवपट्टी जवळ होती, वैमानिक परतले होते. नव्हतें तें केवळ विमान वळविण्याचें साधन.

धातूची ही भेग मोठी कपटी असते. लोखंडी तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं. पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे तुटते. चकतीवरही प्रत्येक उड्डाणांत ताण येतो आणि जातो. तुटलेलें पातें कवचाच्या आंतच अडलें पाहिजे, अशी परीक्षा प्रत्येक नव्या जातीच्या एंजिनाची घेतात. मुद्दाम पातें उडवून पाहतात. पण संबंध चकती फुटली तर तिला अडवील इतकें जाड कवच विमानास पेलवणारच नाहीं. म्हणून उपाय एकच उरतो, तो म्हणजे चकती फुटूं न देणें. तिचें आयुष्य उड्डाणांच्या संख्येनें मोजितात, आणि ती संख्या भरली कीं, चकती दिसावयास कितीही चांगली असली तरी ती काढून टाकतात. कारखान्यांत भिंगांतून भेगा शोधीत बसलेल्या माणसाचें नांव कोणास ठाऊक नसतें. परंतु वैमानिकाच्या हातीं जें सोंपविलें जातें, त्याच्या बरें-वाईटपणाचा मोठा वांटा त्याचा असतो.

सर्वच एंजिनें थांबण्याच्या दोन गोष्टी सांगितल्याविना विद्यार्थी आम्हांस सोडणार नाहींत. २४ जून १९८२ च्या रात्रीं ब्रिटिश एअरवेजचें एक जंबो विमान जावा बेटाजवळ ३७,००० फुटांवरून जात असतां तेथील गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगांत शिरलें आणि त्याचीं चारही एंजिनें बंद पडलीं. लंडनहून निघालेलें हें उड्डाण मुंबई व मद्रास करूनच पुढें गेलें होतें. आंत २६३ माणसें होतीं. एंजिनांवांचून विमान तरंगत खालीं येत राहिलें, आणि वैमानिक पुन्हां पुन्हां एंजिनें पेटविण्याची खटपट करीत राहिले. सुमारें १३,००० फुटांवर एक एंजिन चालू झालें, मग बाकीचीं. कारण एंजिनांत वितळून चिकटलेली राख आग विझल्यावर थंड होऊन गळून पडली होती. समोरची कांच राखेनें घासून आंधळी झालेली असतांही विमान जाकार्तास उतरलें आणि सर्व प्राण वांचले.

अहमदाबादेस १२ जून २०२५ रोजीं एअर इंडियाच्या बोइंग विमानास ही उंची लाभली नव्हती. प्राथमिक अहवालाप्रमाणें, विमानानें जमीन सोडल्यावर कांहीं सेकंदांतच दोन्ही एंजिनांचीं इंधनाचीं बटणें, सुमारें एका सेकंदाच्या अंतरानें, बंद स्थितींत गेलीं. पुढें तीं परत चालू स्थितींत आणलीं गेलीं आणि एंजिनें पुन्हां पेट घेऊंही लागलीं होतीं. विमानांतील व जमिनीवरील मिळून २६० माणसें मेलीं. यावर तर्क लढविण्याचा आमचा अधिकार नाहीं व तशी इच्छाही नाहीं. विझलेलें एंजिन पेटून वेग घेण्यास वेळ लागतो, आणि आकाशांत वेळ म्हणजे उंची, एवढेंच येथें लक्षांत आणून द्यावयाचें आहे. जावा बेटावर वैमानिकांजवळ तेरा मिनिटें होतीं. येथें अर्धें मिनिटही नव्हतें.

एक एंजिन बंद करून उतरलेल्या विमानाभोंवतीं आगीचे बंब उभे राहतात. प्रवाशांस वाटतें, संकट आतां आलें. वस्तुतः तें टळलेलें असतें. विमान नुकतेंच निघालेलें असल्यास टाक्या भरलेल्या असतात, वजन अधिक असतें, त्यामुळें उतरतांना चाकांचे ब्रेक फार तापतात, आणि बंबवाले प्रथम त्यांकडे पाहतात. प्रवासी उतरून गेल्यावर यंत्रज्ञ येतात. ते एंजिन लगेच खोलीत नाहींत. त्याच्या कवचास ठिकठिकाणीं लहान भोकें मुद्दाम ठेवलेलीं असतात. त्यांतून बोटाहून बारीक, पुढें दिवा व कॅमेरा असलेली लवचिक नळी आंत सरकवितात, आणि एकजण हातानें चकती सावकाश फिरवीत असतां दुसरा पडद्यावर एकेक पातें मोजीत जातो.